वाड्याचा गारवा

पुण्याच्या पेठांत लहानाचा मोठा झालेला माणूस उन्हाळ्याविषयी बोलू लागला की एक वाक्य हमखास त्याच्या तोंडी येते : ‘आमच्या वाड्यात पंखासुद्धा लागत नसे.’ हे वाक्य तो बहुधा कोथरूडच्या किंवा सिंहगड रस्त्याच्या फ्लॅटमध्ये, गारव्याचे यंत्र चालू असताना म्हणतो. त्यात थोडा अभिमान असतो, थोडा उसासा असतो आणि हल्लीच्या घरांवर हळूच ओढलेला ताशेराही असतो. मीही हे वाक्य पुष्कळ ठिकाणी म्हटले आहे. मुंबईच्या चिकचिकीत तर अगदी आवर्जून.

गेली दोनअडीच वर्षे सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याची डागडुजी करताना मला या वाक्याचा जवळून विचार करावा लागला. ते खोटे नाही. पण शाळेत व्याकरण शिकवणारे मास्तर म्हणत त्याप्रमाणे त्यात कर्ता गाळलेला आहे. गारवा होता, हे खरे. तो करीत कोण होते, हे त्या वाक्यात येत नाही.

आमचा वाडा काही इतिहासात गाजलेला नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी पणजोबांनी बांधलेला, एका चौकाचा, दोन मजली. घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, कडीपाटाचे छत, हातदीड हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या आणि भेंड्यांच्या भिंती. वर मंगलोरी कौले. ही कौले मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली कारखाना काढून करायला घेतली आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावरून घाट चढून आमच्यासारख्यांच्या घरांवर येऊन बसली. ओसरी, माजघर, माडी, परसात आड, आणि कोपऱ्यात न्हाणीघर. एके काळी आमच्यासकट सहा बिऱ्हाडे तिथे नांदत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जिथल्या तिथे थांबली आणि भाडी थांबली तशी दुरुस्तीही थांबली. हे पुण्यातल्या बहुतेक वाड्यांचे चरित्र आहे, त्यात आमचे वेगळे काही नाही. हळूहळू बिऱ्हाडे गेली, मग घरची माणसेही गेली. मी नोकरीनिमित्त मुंबईला, एक चुलतभाऊ कोथरूडला, दुसरा न्यू जर्सीला. राहिली एकटी काकू.

काकू १९६० साली वाईहून लग्न होऊन या वाड्यात आली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढल्याच पावसाळ्यात, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले. आमचा भाग उंचावर, म्हणून वाडा वाचला. पण नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे साखरेसारखे विरघळले. खडकवासल्याचे धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा परसातल्या आडाने आमची आणि शेजारच्या चार घरांची तहान भागवली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ‘आडाने भागवली’ — इथेही व्याकरण तेच. रहाटावर हात कोणाचे होते, हे त्या गोष्टीत नसे.

२०२३ च्या एप्रिलात काकू दुपारी माजघरात चक्कर येऊन पडली. सुदैवाने मोडतोड काही झाली नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास; ब्याऐंशीव्या वर्षी शरीराला उष्णता सोसत नाही, यांना थंड जागी ठेवा. काकू पडल्या पडल्या म्हणाली, “याच्याहून थंड जागा कुठली? आमच्या वाड्यात पंखासुद्धा लागत नाही.” मी बाजारातून साधा तापमापक आणून माजघराच्या खुंटीला टांगला. दुपारी तीन वाजता त्याने छत्तीस दाखवले.

त्या रात्री दूरध्वनीवर आम्हां तिघा भावांचा खल झाला. एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव वर्षभर पडून होता : वाडा पाडून सहा मजले, आम्हां प्रत्येकाला एकेक सदनिका. धाकट्याचे म्हणणे, काकूला त्याच्याकडे कोथरूडला न्यावे आणि सही करून मोकळे व्हावे. न्यू जर्सीच्या भावाला वाडा हवा होता, पण तो त्याला न्यू जर्सीतून हवा होता. आणि काकूचे म्हणणे एका वाक्याचे होते : “मला हलवायचं तर एकदाच हलवा, चौघांच्या खांद्यावरून.” शेवटी ठरले ते असे, की दोन उन्हाळ्यांची मुदत घ्यावी. मी निवृत्त, मोकळा. मी पुण्याला येऊन राहावे आणि वाडा काकूला राहण्याजोगा करून पाहावा. जमले तर तिच्या हयातीपर्यंत तो ठेवावा. नाही जमले तर सही करावी.

जुन्या वाड्यांची दुरुस्ती पुण्याला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधायला घेतलेला विश्रामबागवाडा, नाना फडणिसांचा नानावाडा — या दोहोंवर महापालिकेने खर्च केला आहे, आणि विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्ज्यावरचे सुरूचे खांब पाहायला मी आजही मुद्दाम वाट वाकडी करतो. पण त्या वाड्यांत एक सोय आहे : तिथे एप्रिलच्या रात्री कोणाला झोपायचे नसते. आमच्या वाड्यात एका म्हाताऱ्या बाईला झोपायचे होते. उलट बाजूला, दर पावसाळ्याच्या तोंडाशी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि एखादी भिंत माणसांसकट खाली येते, हेही मी जाणून होतो. म्हणून पहिले काम केले ते लाकडाला वाळवी कितपत लागली आहे, हे खांबाखांबाला टोचून पाहण्याचे. दोन तुळया आणि मागल्या सोप्याचा एक खांब बदलावा लागला. बाकीचा साग सव्वाशे वर्षांनंतरही टणक होता.

दुसरे काम वास्तुविशारद शोधण्याचे. ओळखीतून एक तरुण बाई मिळाल्या. त्या आल्या, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, “हिला रेनकोट कुणी घातला?” पूर्वी कधीतरी, सगळे करीत तसा, आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला होता. मातीची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडून देते. सिमेंटने ती सोडण्याची वाट बंद झाली होती. म्हणून कमरेपर्यंत लोणा चढला होता आणि रंगाचे पोपडे सुटत होते. ओली भिंत उष्णताही कोरडीपेक्षा लवकर आत आणते. ते सारे सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा, असे ठरले. मुरवलेला चुना, वाळू, त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी. ते जमणारा एक म्हातारा गवंडी सासवडकडून आला. तो पहिल्या दिवशी काकूशी तासभर बोलत बसला, आणि मजुरी लावताना त्याने तो तास धरला नाही.

पण मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. बाईंनी एके दिवशी वही उघडली आणि काकूसमोर ओसरीवर बैठक मारली.

“काकू, तुमचा जुना दिवस सांगा मला. पन्नास वर्षांपूर्वीचा, एप्रिलातला. उठल्यापासून निजेपर्यंत.”

“त्यात काय सांगायचं? साऱ्यांचा असतो तसा.”

“तरी पण.”

काकू सांगू लागली. रात्री निजण्याआधी माडीच्या खिडक्या सताड उघडायच्या. पोटमाळ्याचे झडपही काठीने वर ढकलायचे. पहाटे साडेचारला उठून खालचीही दारे उघडायची, म्हणजे गार वारा घरभर फिरतो. आठला ऊन ओसरीच्या पायरीला शिवले की पूर्वेकडच्या खिडक्या लावायच्या, दहाला दक्षिणेकडच्या, बाराच्या आत पश्चिमेच्या. दुपारी वाळ्याच्या पडद्यांवर तीनदा पाणी मारायचे. चार वाजता चौकात सडा. आठवड्यातून एकदा माजघर शेणाने सारवायचे. चैत्रात कौलांची शाकारणी व्हायची, तेव्हा फुटकी कौले काढून द्यायची. संध्याकाळी दिवेलागण झाली, की खिडक्या पुन्हा उलट क्रमाने उघडत जायच्या. आणि या सगळ्याचे पाणी आडाचे.

“खिडक्या किती?”

“मोजल्या नाहीत कधी.” मग बोटांवर मोजून काकू म्हणाली, “बावीस.”

बाईंनी वहीत बेरीज केली. “स्वयंपाक, धुणी, मुलं हे सोडून, नुसतं घर गार ठेवायला तुमचे रोजचे अडीच तास जात होते, काकू. जिन्याच्या चढउतार वेगळ्या.”

काकू काही वेळ गप्प राहिली. मग जरा रागानेच म्हणाली, “त्याला कुणी मोजतं का?”

कोणी मोजत नाही, हेच खरे. त्या वेळी घरात काकू होती, माझी आई होती, आजी होती, आणि पाच बिऱ्हाडांतल्या पाच जणी होत्या. आठ बायकांनी मिळून तो वाडा रोज गार केला आणि आम्ही त्याचे श्रेय भिंतींना दिले. पुढे बिऱ्हाडे गेली. मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, आणि ते फार चांगले झाले. काकू एकटी उरली. तिचे गुडघे दुखू लागले. माडीचा जिना सुटला. चोरांच्या भीतीने आणि डासांच्या त्रासाने रात्री खिडक्या बंद राहू लागल्या. शेजारी उंच इमारती झाल्या, वारा अडला. भिंती त्याच होत्या. गारवा गेला.

असे का व्हावे, हे बाईंनी मला समजावून दिले आणि ते फार साधे आहे. जाड मातीची भिंत उष्णता अडवत नाही, ती साठवते. दुपारचे ऊन तिच्या बाहेरच्या अंगाला लागते आणि आतल्या अंगाला पोचता पोचता रात्र होते. म्हणजे भिंत हा उष्णतेचा रांजण आहे. रात्री खिडक्या उघडून तो रिकामा केला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवसभराची उष्णता त्यात मावते. रिकामा केला नाही, तर चार दिवसांत तो भरून वाहू लागतो. पुण्याचा एप्रिल या कामाला सोयीचा : दिवसा पारा सदतीस-अडतीसला जातो, पण पहाटे वीस-एकविसाला उतरतो. मुंबईत रात्रीही हवा फारशी उतरत नाही, म्हणून तिथे हा उपाय लंगडा पडतो. पुण्याचे वाडे पुण्याच्या पहाटेवर बांधलेले आहेत. आणि पहाटे कोणीतरी उठावे लागते.

तेव्हा आमच्या दुरुस्तीचा हिशेब निराळाच झाला. वाड्यात नवे काय बसवायचे, हा प्रश्न राहिला नाही. काकूचे अडीच तास कोण करणार, हा प्रश्न झाला.

पहिला तास रात्रीच्या खिडक्यांचा. सगळ्या खिडक्यांना आतून बारीक जाळ्या आणि बाहेरून जुन्याच गजांची डागडुजी केली; आता त्या रात्रभर उघड्या राहिल्या तरी डासही येत नाही आणि चोरही. पोटमाळ्याच्या झडपेशी एक मोठा, हळू फिरणारा, हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला. त्याला घड्याळ आहे. रात्री दहाला तो आपोआप सुरू होतो आणि सकाळी सहाला थांबतो. घरातली तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालून चौकातली गार हवा आत येते. दुसरे काम कौलांचे. मागल्या पिढीने डोक्यावर पत्रा घातला नाही, हे नशीब. कौले उतरवून खाली फळ्या, त्यावर चकचकीत अॅल्युमिनियमचे आवरण, मग हवेला वाट राहील एवढी फट ठेवून रिपा आणि पुन्हा तीच कौले, असे थर केले. चार कौले काचेची बसवली. त्यामुळे माजघरात दिवसा दिवा लावावा लागत नाही. पश्चिमेच्या खिडक्यांवर वाळ्याऐवजी बाहेरून बांबूच्या चिका सोडल्या, आणि त्यांची दोरी काकूच्या हाताला ओसरीवरूनच पोचेल अशी घेतली. ऊन काचेच्या किंवा लाकडाच्या आत येऊन मग अडवण्यापेक्षा बाहेरच अडवलेले बरे, ही अक्कल काकूच्या पडद्यांतही होतीच.

मग विजेकडे वळलो. पंख्याचा तिटकारा सोडा, असे काकूला समजावले. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो. नवे बीएलडीसी म्हणतात ते पंखे तीस वॅटच्या आसपास भागवतात. एक पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटे वाचतात. साठ वॅटच्या दिव्याचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो. सगळ्या वाड्याचे वायरिंग बदलले. जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या तारांचे कापड उंदरांनी कधीच संपवले होते, आणि लाकडी घरात त्याची भीती उन्हाहून मोठी. मागच्या बाजूच्या सिमेंटच्या दोन खोल्यांवर गच्ची आहे. तिथे दोन किलोवॅटचे सौर फलक लावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एवढ्यासाठी साठ हजारांचे अनुदान मिळते. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरावी. काकूचे घर त्यात चालते आणि उरते. कौलांवर मात्र फलक चढवले नाहीत. सव्वाशे वर्षांच्या वाशांना नवे ओझे कशाला?

आता न्हाणीघर. दिवाळीच्या अंकात बंबाविषयी लिहिल्यावाचून कसे राहवेल? नरकचतुर्दशीच्या पहाटेचे वर्णन आपण सारे एकाच जागेवरून करतो : अंगाला तेल लावून पाटावर बसलेल्या मुलाच्या. उटण्याचा वास, पायाखाली फुटणारे कारीट, अंगावर कढत पाणी, बाहेर पहिला फटाका. पण बंबाच्या बाजूने पाहिले तर ती पहाट तीन वाजता सुरू होई. लाकडे, गोवऱ्या, शेंगांची टरफले. धुराने डोळे लाल झालेली एक बाई. आणि सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावर उरलेल्या कोमट पाण्यात तिची स्वतःची. काकूने असा बंब पन्नासएक दिवाळ्या पेटवला. गच्चीवर शंभर लिटरचे सौर पाणीतापक बसवले. विजेच्या गीझरऐवजी ते वापरले तर वर्षाला पंधराशे युनिटांपर्यंत वीज वाचते, असे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्याची टाकी जाड कापडलत्ता ल्यालेली असते, आणि आदल्या दिवशीच्या उन्हाने तापलेले पाणी पहाटेपर्यंत गरम राहते. २०२४ च्या दिवाळीत काकूने पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी अभ्यंगस्नान केले. सुनेने तिच्या पाठीला तेल लावले. बाहेर येऊन काकू म्हणाली, “पाण्याला धुराचा वास नाही. चुकल्यासारखं वाटतं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण वाटू दे.”

बंब मोडीत घालू नका, असे तिने बजावले आहे. तो घासून चौकात ठेवला आहे. त्यात आता तुळस नाही, की मनीप्लांट नाही. नुसता बंब आहे. मला ते बरे वाटते.

ठरलेले दोन उन्हाळे २०२५ च्या जूनमध्ये संपले. बाहेर एकोणचाळीस असताना माजघरातला पारा एकतिसाच्या वर गेला नाही. माडीवर तो दोन अंशांनी जास्त असतो, आणि मे महिन्यातल्या दोनचार रात्री अशा आल्या की पहाटही तापलेली होती. तेव्हा पंखाच कामी आला. सगळे जमले असे मी म्हणणार नाही. समोरच्या इमारतीने अडवलेला वारा आम्हांला परत आणता आला नाही. आणि या सगळ्याला लागलेला पैसा तिघा भावांचा होता, शिवाय माझ्याजवळ दोन वर्षे मोकळी होती. पेठेतल्या प्रत्येक वाड्याला हे जमेल, असे सांगण्याचे धाडस माझ्याने होणार नाही. पण काकू पुन्हा पडली नाही. प्रस्तावाचे कागद धाकट्यानेच परत केले. पुढचे पुढे.

जुन्या घराचे कौतुक करणाऱ्यांना मी आता एकच विचारतो : तुमच्या वाड्यात पंखा लागत नसे, तर पहाटे उठत कोण होते? बहुतेकांना उत्तर द्यायला क्षणभर लागतो. मग आईचे नाव येते, आजीचे येते, कोणा आत्याचे येते, आणि त्यानंतरच्या गप्पा फार चांगल्या होतात.

काकूला अजून साडेचारलाच जाग येते. मी तिला विचारले, आता त्या वेळात करतेस काय? म्हणाली, “पडून असते. वरचा पंखा ऐकते. माझं काम दुसरं कुणी करतंय, ते पडल्या पडल्या ऐकायला काय वाईट?”